ज्याने बसवलं, त्यानेच उतरवायचं

दादा, तुला कधीतरी समुद्र घेऊन जाणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मासेमारीसाठी खोर फक्कानच्या बंदराला निघालास की मेसेज, बोट सुटली की मेसेज, धक्क्याला लागली की मेसेज, ही अट मी तुला घातली होती आणि शिव्या घालत का होईना, तू ती पाळायचास. आणि गेलास कुठे, तर इथे दुबईत, करामात, हॉटेलसमोरच्या पार्किंगमध्ये, एसी लावलेल्या गाडीत, कोळंबीच्या सुक्याचं पार्सल तयार व्हायची वाट बघत. हॉटेलवाल्याने पिशवी घेऊन काच वाजवली, तेव्हा त्याला वाटलं शेठना डुलकी लागली आहे. पार्किंगसाठी मी तुला काही अट घातली नव्हती. तसं काही मला सुचलंच नव्हतं.

तुझं कार्य गावी रीतसर झालं. लोक येऊन गेले, तू किती दिलदार होतास ते सांगून गेले. मी मान डोलावत बसलो होतो, पण डोक्यात तुझ्याशी अर्धवट राहिलेली दोन भांडणं चालली होती. एक जुनं, झाडावरचं. एक नवं, मुक्ताचं. दोन्हीत तूच चूक होतास असं माझं ठाम मत होतं, आणि ते ऐकून घ्यायला तू नव्हतास. शिवाय आणखी एक गोष्ट परत येताना विमानात लक्षात आली. ऑफिसात मी सर आहे, घरी ‘अहो’ आहे, मुक्ताचा बाबा आहे, तुझ्या बोटीवरच्या दोस्तासाठी, अन्वरसाठी, ‘छोटे’ आहे. मला बाळू म्हणणारा माणूस आता एकही उरला नाही.

नव्या भांडणाचं तुला आठवत असेल. तू तुझ्या बाल्कनीत गळाच्या रिळांना तेल देत बसला होतास आणि मुक्ता शेजारी मांडी ठोकून होती. मोर मासा गळाला लागला की शेपटीवर उभा राहून कसा नाचतो आणि त्याला बोटीशी आणून, नमस्कार करून परत कसा सोडायचा, हे तू तिला हातवारे करून सांगत होतास. मग सहज म्हणालास, पुढच्या ट्रिपला हिला नेतो. मी नाही म्हटलं. लाटा, ऊन, गळ, मध्येच आडवी येणारी कंटेनरची जहाजं, मी एकेक कारण मोजायला लागलो. मुक्ता म्हणाली, “बाबा, आय ॲम सेव्हन्टीन.” जणू सतरा वर्षांची माणसं बुडत नाहीत. तू रिळावरून मान वर न करता म्हणालास, “बाळू, तू तिका पण झाडारच बसवन ठेवतलंस.”

मी भडकलो. झाडावर मला कोणी बसवलं होतं, ते आधी सांग, म्हटलं. तू हसलास आणि म्हणालास, “तां पुढच्या खेपेक बोलूया.” पुढची खेप काही झाली नाही.

आता ते झाड. गावाला रानडुकरं भातात शिरली की वाडीतले बापये शिकारीला निघायचे. आबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. अर्धी माणसं डबे बडवत रान हलवायची आणि उरलेल्यांना डुकराच्या वाटेवर झाडाझाडावर बसवायचं, ते काम आबांनी तुझ्यावर सोपवलेलं. नियम एकच होता. ज्याने बसवलं, त्यानेच येऊन उतरवायचं, आणि तेही नावाने हाक मारून. त्याआधी आभाळ कोसळलं तरी झाडावरून हलायचं नाही, कारण झुडपात हललेलं काहीही बंदुकीला डुक्करच दिसतं. ‘चला रे’, ‘उतरा रे’ असल्या हाकेला कोणी उतरायचं नाही, ती हाक कोणासाठीही असू शकते. आता ती शिकार गुन्हा आहे आणि असायलाच हवी, हे तूच मला सांगायचास. म्हणून तर तू इथे येऊन समुद्राच्या नादी लागलास.

मला तू जांभळीवर बसवलंस. माझी पहिली शिकार आणि शेवटचीही. बार झाला, कुत्री पेटली, डुक्कर जखमी होऊन निसटलं आणि सगळे त्याच्या मागे धावले. मग आवाज लांब गेले आणि रान एकदम गप्प झालं. ऊन कललं. वाडीकडून माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं, म्हणजे सगळे घरी पोचले होते. मी फांदीला मिठी मारून होतो. चड्डी ओली झाली होती, हे तू कधी कोणाला सांगितलं नाहीस, त्याबद्दल आभार. दिवेलागणीला खालून तुझी हाक आली, “बाळू, उतर.” माझ्या पायांत जीव नव्हता. तू खांदा दिलास, तेव्हा मी उतरलो.

त्या दिवसापासून माझं म्हणणं, तू मला विसरलास. पंगतीला पान कमी भरलं तेव्हा तुला भावाची आठवण झाली. तुझं म्हणणं, तू सगळा वेळ समोरच्या दगडी गडग्यामागे उभा होतास. जखमी डुक्कर म्हणे माझ्या झाडाखालच्या करवंदीच्या जाळीत शिरून बसलं होतं. हाक मारली असती तर मी नियमाप्रमाणे उतरलो असतो, थेट त्याच्या अंगावर. ते उठून जाईपर्यंत तू हूं की चूं केलं नाहीस. मग हे मला त्याच दिवशी का सांगितलं नाहीस, या प्रश्नाला तुझं उत्तर, सांगितलं असतं तर तू महिनाभर झोपला नसतास. दर गणपतीत हा खटला उभा राहायचा आणि दर गणपतीत मी तुला खोटारडा म्हणायचो. काय छान गोष्ट रचली आहेस, म्हणायचो.

तू मला एकदा बोटीवरही नेलंस. किनारा दिसेनासा व्हायच्या आधीच मी पोटातलं सगळं बाहेर काढलं. तू मला खुर्चीला ओढणीसारखा टॉवेल गुंडाळून बांधलंस आणि हातात गळाची काठी दिलीस. एवढा थोरला कुपा मासा लागला की काठी वाकून पाण्याला टेकली, आणि मी ओरडलो, कापा दोरी. अन्वर पोट धरून हसला. तू हसला नाहीस. माझ्या मागे उभा राहून माझ्या हातांवर हात ठेवलेस आणि कुपा बोटीत येईपर्यंत काढले नाहीस. त्यानंतर सगळ्यांसमोर सांगितलंस की मासा बाळूने ओढला. तुझ्या अंगाला तेव्हा तेलाचा आणि खारट घामाचा वास येत होता, तो मला परवा तुझी टोपी आवरताना पुन्हा आला. मी ती टोपी वहिनीला दिली नाही.

तर परवाची गोष्ट. तुम्ही मित्रांनी शनिवारची बोट तू असतानाच सांगून ठेवली होती. अन्वर ती रद्द करायला निघाला, तर वहिनी अडून बसली. इथलं घर आवरून ती गावी जाणार, त्याआधी तिला हे एवढंच हवं होतं. “भावोजी,” ती म्हणाली, “ह्यांची जागा रिकामी घेऊन बोट जायला नको. मुक्ताला पाठवा.” आता तूच सांग, मी काय बोलणार? तुझ्याशी भांडता येत होतं. पांढऱ्या कपाळाच्या बाईशी कसा भांडू? मी हो म्हटलं.

मीच गाडीने तिला घेऊन गेलो. लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, मग कॅप्टनला ओढायला लावले. मुक्ता म्हणाली, “बाबा, आय कान्ट ब्रीद.” तुझी खुर्ची मागच्या बाजूला, उजवीकडची. ती तिच्यात बसली आणि बसताना तिने खुर्चीला हात लावून कपाळाला लावला, तुझ्यासारखा. मला ते बघवलं नाही. अन्वरने माझा चेहरा पाहिला, मला धक्क्याच्या टोकाला दगडी बांध आहे ना, तिथे नेऊन वरच्या दगडावर बसवलं आणि म्हणाला, “छोटे, तू इथेच बस. हलू नको. मीच येऊन तुला घेऊन जातो. दुपारच्या जेवणाला आपण परत, इन्शाल्ला.”

झालं. बसवलेला माणूस झाला.

सकाळी तिचा एक फोटो आला. नाकावर पांढरं क्रीम, अंगठा वर. मग नेटवर्क गेलं. मी फोनवर लाटांचा नकाशा उघडून बसलो. आधी सगळा समुद्र निळा होता, तिथे मध्ये हिरवं झालं, मग पिवळं. पिवळ्याचा अर्थ काय ते शोधलं आणि शोधायला नको होतं. फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. प्रत्येक पांढऱ्या बोटीला मी आमची समजत होतो आणि जवळ आली की ती दुसऱ्याच कोणाची निघत होती. मुक्ताला पोहता येतं, हे मी स्वतःला बजावत होतो. बिल्डिंगच्या पूलमध्ये येतं. तिथे कडेला बार असतो धरायला.

जेवणाची वेळ टळली. वाऱ्याने लाटांना पांढरी टोकं आली. धक्क्यावरचा पहारेकरी चक्कर मारताना माझ्याजवळ थांबला आणि कोणाची वाट बघताय म्हणून विचारलं. मुलीची, म्हटलं. त्याने स्वतःची पाण्याची बाटली मला दिली आणि म्हणाला, “आ जाएगी, इन्शाल्ला.” तो भला माणूस, मला धीर देत होता. पण सकाळी अन्वरही इन्शाल्ला म्हणाला होता, आणि मला त्या शब्दात तेवढंच ऐकू येत होतं की येईलच असं काही नाही.

मग फोन बंद पडला. सकाळपासून पन्नास वेळा लावल्यावर दुसरं काय होणार? चार्जर गाडीत होता. गाडी मला तिथून दिसत होती, लांब, पार्किंगच्या कडेला. उठून गेलो असतो तर काय झालं असतं? पण मी गेलो नाही, दादा. अन्वरने बसवलं होतं. तो येऊन उतरवेपर्यंत हलायचं नाही, हे माझ्या हाडांत तू घातलं आहेस. सुटाबुटात ऑफिसला जाणारा, मुलीचा बाप असलेला माणूस, डोळ्यांसमोर चार्जर असताना बंद फोन हातात घेऊन दगडावर बसून राहिला. वेडेपणा आहे हे मला कळत होतं. उठता येत नव्हतं, एवढंच.

ऊन डोंगरामागे जायला लागलं तसा मी उभा राहिलो आणि खालच्या ओल्या दगडापर्यंत गेलो, तिथून जरा लांबचं दिसत होतं. खाली लाटा आपटत होत्या. मी तुला शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या, आबांसमोर कधी तोंडातून निघाल्या नसत्या अशा. तू तिच्या डोक्यात हे भरलंस, म्हटलं. तू मला झाडावर विसरून गेलास आणि आता माझी पोर घेऊन गेलास, आणि जाब विचारायला जागेवरही नाहीस. मग रडू आलं. तुझ्या चितेसमोर आलं नव्हतं, ते तिथे आलं. डोळे पुसत मी मागे सरलो आणि वरच्या कोरड्या दगडावर मटकन बसलो.

“बाळू, उतर.”

समुद्राकडून नाही, मागून. जमिनीकडून. तुझा आवाज नव्हता, पण हेल तुझाच होता, ‘तर’वर जरासा टेकणारा. मी वळलो. मुक्ता उभी होती, केस मिठाने ताठ झालेले, जॅकेट अजून अंगात. तिच्या मागे अन्वर, मान खाली घालून.

मला उठता येईना. पाय पुन्हा तसेच, बधिर. तिने वर येऊन खांदा दिला आणि मी एकेक दगड करत खाली आलो. अन्वर माफी मागत सुटला होता. वारा वाढला, एक इंजिन गरम व्हायला लागलं, म्हणून कॅप्टनने धोका न घेता जवळच्या दिब्ब्याच्या धक्क्याला बोट लावली होती. तिथून माझा फोन लावला तर बंद. घरी लावला, तर माझ्या बायकोने सांगितलं की ते खोर फक्कानलाच असतील, दुसरीकडे कुठे जाणार? मग टॅक्सी करून दोघं आले. बाकीचे लोक मासे घेऊन मागून येत होते. हे सगळं अन्वर सांगत होता आणि मी मुक्ताच्या जॅकेटचा पट्टा धरून उभा होतो.

मग मी तिला विचारलं, आत्ताच आलात का? अन्वर म्हणाला, नाही, बराच वेळ झाला, तिथे मागे भिंतीजवळ उभे होतो. मी उसळलो. मी इथे मरत होतो आणि तुम्ही मागे उभे? हाक मारायला काय झालं होतं?

“बाबा, यू वेअर राइट ॲट द एज,” मुक्ता म्हणाली. मग तिने मराठीत सांगितलं, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, शब्द जुळवत. “काका म्हणालेले, घाबरलेल्या माणसाला कडेवर असताना हाक नाही मारायची. तो हाकेला उडी मारतो. तो बसेपर्यंत थांबायचं. कितीही त्रास झाला तरी थांबायचं. आणि मग नावाने. बाबा नाही, नावाने.”

ती माझे शिव्याशाप ऐकत उभी होती, दादा. तिला धावत यायचं होतं आणि ती आली नाही. ओठ चावून रक्त काढलं होतं तिने, ते मला गाडीत बसल्यावर दिसलं.

वाटेत ती झोपली. मी डोंगरातल्या बोगद्यांमधून गाडी चालवत होतो आणि मला एकसारखा तो गडगा दिसत होता. त्याच्यामागे एक पोरगा उभा आहे, हातात काठीसुद्धा नाही, समोर जाळीत जखमी डुक्कर आणि वर झाडावर धाकटा भाऊ हुंदके देतो आहे. सगळं ऐकू येतं आहे आणि हाक मारायची नाही. तेव्हा तू किती वर्षांचा होतास रे? मुक्ताहूनही लहान. जुन्या खटल्याचा निकाल तुझ्या बाजूने देतो. तू विसरला नव्हतास. खोटारडा म्हणालो ते सगळे गणपती मागे घेतो.

नव्या भांडणात मात्र मी अजून हरलेलो नाही. ती पुन्हा जाईन म्हणते आहे. पुढच्या वेळी मी तिच्या बॅगेत चार्ज केलेला दुसरा फोन देणार आहे, शिट्टी देणार आहे आणि मी स्वतः दिब्ब्याला बसायचं की खोर फक्कानला, हे आधी कॅप्टनकडून ठरवून घेणार आहे. हस तू.

दुबईत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. बाकीचे मासे घेऊन पोचल्यावर तुझ्या वाट्याची सुरमई अन्वरने निघायच्या आधीच आमच्या गाडीत आणून ठेवली होती. वाटे घालताना तुझा वाटा काढायचा नाही असं कोणी म्हणालंच नाही, सवयीने पडला आणि पडल्यावर कोणाला उचलवेना. तो वहिनीला द्यायला आम्ही करामात आलो. जागा शोधत फिरलो आणि मिळाली नेमकी ती, हॉटेलसमोरची, तू जिथे होतास ती. मुक्ता पिशवी घेऊन वर तुमच्या घरी गेली. मी गाडीतच बसून राहिलो. हॉटेलमधून लोक पार्सल घेऊन येत होते, जात होते.

आणि माझ्या मनात आलं की त्या दिवशी तुझ्या काचेवर फक्त टकटक झाली. हॉटेलवाले शेठ, शेठ म्हणाले. मग अँब्युलन्सवाले सर म्हणाले. मी धावत आलो तेव्हा मीही दादा, दादाच म्हणत राहिलो. नावाने तुला कोणी हाक मारलीच नाही. तुला तिथे मी बसवलं नव्हतं, त्यामुळे नियमाने हा हक्क माझा नाही. पण आबा नाहीत, आई नाही, वहिनी तुझं नाव घेत नाही. उरलो मी.

मी काच खाली केली आणि आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाला नावाने हाक मारली. “सुधाकर, उतर.” शेजारच्या गाडीतल्या माणसाने वळून पाहिलं. पाहू दे. मी उतरलो, गाडी लॉक केली आणि वर गेलो. वहिनीने तव्यावर तेल सोडलं होतं.